सागरतळीचा उंचवटा आणि मंथनाचा धीर

मुंबई, ठाणे, पनवेल या भागातील मध्यमवर्गीय घरांना 'बॉम्बे हाय' हे नाव गेल्या पन्नास वर्षांपासून परिचित आहे. कोणाचा मामा, कोणाचा जावई चौदा दिवस 'हाय'वर असतो आणि चौदा दिवस घरी. त्याला हेलिकॉप्टरने कामावर जावे लागते, याचे शेजाऱ्यापाजाऱ्यांना अप्रूप असते. तेथे पहिली विहीर खोदणाऱ्या 'सागर सम्राट'चे चित्र तर एक रुपयाच्या नोटेच्या मागील बाजूवर छापलेले आहे. शहराचे नाव बदलले तेव्हा तेलक्षेत्राचेही 'मुंबई हाय' झाले. परंतु या नावातील 'हाय' म्हणजे काय, असा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. एखाद्या वसाहतीचे किंवा यंत्राचे नाव असावे, अशा समजुतीने तो शब्द आपण वापरत आलो.

तो भूशास्त्रातील साधा शब्द आहे. हाय म्हणजे उंचवटा. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर पाण्याखाली आणि त्याच्याही खाली गाळाच्या हजार मीटरहून अधिक जाडीच्या थरांखाली खडकांचा एक लांबट फुगवटा आहे. किनाऱ्यावर पालथी घालून ठेवलेली होडी जशी दिसते, तसा त्याचा आकार. समुद्राच्या पृष्ठभागावर त्याची कोणतीही खूण नाही. त्यावरून शतकानुशतके गलबते गेली, कोळ्यांची जाळी पडली, आंग्र्यांचे आरमार हिंडले. खाली काय दडले आहे याची कोणाला कल्पना असणे शक्यच नव्हते. या फुगवट्याने १९७४ नंतर देशाची केवढी लाज राखली, हे त्या काळातील तेलटंचाई आठवणाऱ्यांना सांगायला नको.

आज हा विषय काढण्यास निमित्त आहे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी खोल समुद्रातील तेल व वायू शोधण्यासाठी राष्ट्रीय मोहिमेची घोषणा केली आणि तिला 'समुद्रमंथन' असे समर्पक नाव दिले. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच अंदमानच्या समुद्रात वायू आढळल्याची वार्ता आली. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते, त्या देशात अशा वार्तेने उत्साहाची लाट उसळावी, हे स्वाभाविकच. परंतु मंथनाची कथा ज्यांनी नीट ऐकली आहे, त्यांना हेही ठाऊक आहे की अमृताच्या आधी हलाहल वर आले होते. पृथ्वीच्या पोटातील तेलाचे शास्त्र हाच क्रम सांगते, आणि आपल्या सार्वजनिक चर्चेत नेमका तोच भाग गळून पडतो.

पहिला गैरसमज तेलाच्या तळ्याचा. जमिनीखाली तेलाची सरोवरे असतात आणि नळी घातली की ते उसळून वर येते, असे चित्र अनेक सुशिक्षितांच्याही मनात असते. प्रत्यक्षात तेल खडकाच्या आत असते. रव्याच्या लाडवात तूप जसे कणाकणांमध्ये मुरलेले असते, तसे ते वालुकाश्माच्या किंवा चुनखडकाच्या सूक्ष्म छिद्रांत भरलेले असते. आणि मौज अशी की, ते जेथे सापडते तेथे बहुधा जन्मलेले नसते.

त्याचा जन्म गाळाच्या खोऱ्यांत होतो. भूकवच जेथे खचत जाते तेथे नद्यांचा आणि समुद्राचा गाळ कोट्यवधी वर्षे थरावर थर साचतो. शांत, प्राणवायू नसलेल्या तळाशी सूक्ष्म जीवांचे अवशेष चिखलात गाडले जातात. वरचे ओझे वाढते, तो चिखल खोल जातो, तापतो आणि त्याचा पंकाश्म होतो. साधारण ६० ते १५० अंश सेल्सिअसच्या आचेवर त्यातील सेंद्रिय द्रव्याचे तेल बनते. आच कमी पडली तर ते कच्चेच राहते, अधिक झाली तर तेलाचाही वायू होतो. स्वयंपाकघरातील आचेचे गणित येथेही चुकवून चालत नाही. भूवैज्ञानिक या खोलगट भागाला त्यांच्या परिभाषेत 'स्वयंपाकघर'च म्हणतात.

येथवर झाली निम्मी गोष्ट. तयार झालेले तेल पाण्याहून हलके असते आणि खडकांची छिद्रे तर पाण्याने भरलेली. आमटीवर तवंग येतो त्याच न्यायाने तेल वर सरकू लागते. एखादा सच्छिद्र थर सापडला की त्याच्या चढणीने ते मैलोन् मैल प्रवास करते. वाटेत कोणी अडवले नाही तर ते भूपृष्ठापर्यंत येते, हवेत आणि पाण्यात विरून जाते. पृथ्वीच्या इतिहासात निर्माण झालेले बहुतांश तेल असेच वाया गेले आहे. जे थोडे उरले, ते रचनेमुळे उरले. सच्छिद्र थराला कमानीसारखी वली पडलेली असावी, तिच्या माथ्यावर पंकाश्माचे किंवा मिठाचे घट्ट झाकण असावे, म्हणजे तेल त्या कमानीखाली अडकते. वायू सर्वांत वर, खाली तेल, त्याखाली पाणी. कधी प्रस्तरभंगामुळे थर मध्येच तुटून सरकतो आणि सच्छिद्र खडकासमोर अभेद्य खडक येऊन उभा राहतो. कधी वाळूचा थर चिखलात निमुळता होत संपून जातो, आणि वली नसतानाही तेल तेथे कोंडले जाते.

कमानीचा हा सिद्धान्त १८६१ मध्ये स्टेरी हंट यांनी मांडला आणि १८८५ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक आय. सी. व्हाइट यांनी तो प्रत्यक्ष शोधासाठी वापरात आणला. त्याच सुमारास आसामच्या जंगलात, दिग्बोईला तेल लागले. तेथील वली डोंगरांतच होती आणि तेल पाझरून वर येत होते, त्यामुळे निसर्गानेच पत्ता लिहून दिल्यासारखे झाले. हत्तीच्या पायाला लागलेल्या तेलावरून शोध लागल्याची कथा तिकडे हौसेने सांगतात. ती खरी असो वा नसो, असे सोपे पत्ते केव्हाच संपले आहेत.

पत्ता लिहिलेला नसताना शोध कसा घ्यावा लागतो, याचे उत्तम उदाहरण मुंबई हाय हेच आहे. स्वातंत्र्यानंतर भारतात आसामबाहेर तेल मिळण्याविषयी पाश्चात्त्य कंपन्या साशंक होत्या. केशवदेव मालवीय यांनी त्यांचे ऐकून स्वस्थ बसण्याचे नाकारले. १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाली. १९५८ मध्ये खंबायतला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल मिळाले. मालवीयांच्या राजकीय विचारांशी मतभेद असणाऱ्यांनीही हे श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यावयास हवे. पुढे १९६४-६५ मध्ये एका सोव्हिएत जहाजाने खंबायतच्या आखातात आणि त्याच्या दक्षिणेकडील समुद्रात सर्वेक्षण केले. पाण्यात निर्माण केलेले कंपन खाली जाते, निरनिराळ्या थरांवरून परावर्तित होऊन येते, आणि त्या प्रतिध्वनींच्या वेळेवरून थरांची रूपरेषा काढतात. त्या रेषांत तो पालथ्या होडीसारखा आकार प्रथम दिसला.

दिसला, परंतु त्यात तेल आहे की पाणी, हे ती रेषा सांगू शकत नव्हती. मधे सुमारे दहा वर्षे गेली. जपानमध्ये बांधून घेतलेले 'सागर सम्राट' १९७३ मध्ये आले आणि १९ फेब्रुवारी १९७४ रोजी तेल लागले. अरब राष्ट्रांनी तेलाचे शस्त्र उपसून जगाला वेठीस धरल्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८०च्या दशकाच्या मध्यास ते दिवसाला चार लाख पिंपांच्या पुढे गेले.

तेथेच तेल का मिळाले, हे समजून घेण्यासारखे आहे. या उंचवट्याच्या बुडाशी पुरातन ग्रॅनाइटसारखे खडक आणि आपल्या सह्याद्रीचाच काळा बेसॉल्ट आहे. आजूबाजूचा तळ खचत असताना हा भाग दीर्घकाळ बेटासारखा उंच राहिला. भोवतालच्या खोलगट भागांत, विशेषतः उत्तरेकडील सुरतच्या खळग्यात, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध चिखल साचत गेला. ते झाले स्वयंपाकघर. नंतर बेट बुडाले आणि सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी त्याच्यावरील उथळ, स्वच्छ पाण्यात चुनखडकाचे थर बसले. तो चुनखडक मधूनमधून विरघळून सच्छिद्र झाला. त्यावर चिखलाचे झाकण पडले. आणि हे सारे सिद्ध झाल्यावर खालच्या खळग्यांतून तेल चढत आले. हा क्रम महत्त्वाचा आहे. तेल आधी निघाले असते आणि झाकण मागाहून बसले असते, तर तोच फुगवटा, तोच चुनखडक, पण आत केवळ खारे पाणी मिळाले असते. अशा रिकाम्या कमानी जगात असंख्य आहेत. कंपनांच्या नकाशावर भरलेली कमान आणि रिकामी कमान पुष्कळदा सारखीच दिसते.

म्हणूनच कोरडी विहीर हा या व्यवसायातील अपघात नव्हे, तो नित्यक्रम आहे. बंगालचेच पाहा. भारत सरकार आणि एका अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत १९५०च्या दशकात तेथे विहिरी खोदल्या गेल्या. तेल लागले नाही. कंपनी १९६० मध्ये निघून गेली. पुढे आपल्या लोकांनी अधूनमधून प्रयत्न चालू ठेवले आणि २०१८ मध्ये कोलकात्याजवळील अशोकनगरला हायड्रोकार्बन सापडले. राजस्थानात बाडमेरचे क्षेत्र शेल या बलाढ्य कंपनीने सोडून दिले. तुलनेने लहान अशा केर्न कंपनीने काम पुढे नेले आणि जानेवारी २००४ मध्ये 'मंगला' क्षेत्र हाती लागले. प्रस्तरभंगामुळे तिरपा झालेला खडकांचा ठोकळा आणि त्याच्या वरच्या काठाशी अडकलेले तेल, अशी तेथील रचना. नकाशा बऱ्याच अंशी तोच होता. वाचणारा डोळा बदलला.

उलट दिशेचे अनुभवही लपवून ठेवू नयेत. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील खोल समुद्रात २००२ मध्ये रिलायन्सला वायू मिळाला. तेथे मुंबई हायसारखी सलग कमान नाही. प्राचीन काळी समुद्रतळाच्या उतारावरून वाहणाऱ्या वाळूच्या नागमोडी ओहोळांत तो वायू अडकलेला आहे. एक ओहोळ दुसऱ्याशी जोडलेला आहे की मधे चिखलाची भिंत आहे, हे वायू काढू लागल्यावरच नीट कळते. सुमारे १० लाख कोटी घनफूट वायू हाती येईल असा अंदाज होता. एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले, २०१० मध्ये ते दिवसाला ६ कोटी घनमीटरच्या आसपास पोहोचले आणि नंतर झपाट्याने घसरले. मूळ अंदाज पुढे सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर आणावा लागला. या घसरणीवरून झालेले आरोप-प्रत्यारोप सर्वांना आठवत असतील. परंतु त्या वायूच्या भरवशावर आंध्रात उभी राहिलेली वीजकेंद्रे इंधनावाचून पडून राहिली, हे नुकसान कोणत्याही निवाड्याने भरून येणारे नव्हते.

त्याच खोऱ्यात गुजरात राज्याच्या कंपनीने २००५ मध्ये २० लाख कोटी घनफूट वायूचा दावा केला होता. क्षेत्राला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव दिले गेले. खडक अतिशय घट्ट, खाली दाब आणि तापमान प्रचंड. छिद्रे आहेत, पण वायूला वाहण्यास वाट नाही, अशी अवस्था. आकडा पुढे फार खाली आला आणि २०१७ मध्ये त्यातील ८० टक्के हिस्सा ओएनजीसीने विकत घेतला. घोषणा कोणत्या पक्षाच्या राजवटीत झाली, हा मुद्दा येथे गौण आहे. दीनदयाळजींसारख्या अपरिग्रही पुरुषाचे नाव ज्या कामाला द्यावयाचे, त्याच्या हिशेबात तरी अधिक काटेकोरपणा हवा होता, एवढे म्हणण्याचा अधिकार त्यांना मानणाऱ्यांना आहेच.

या सर्व प्रकारात एक सवय समान दिसते. नकाशावर रचना दिसली की तेल मिळाले, पहिल्या विहिरीत वायू आला की साठा सिद्ध झाला, आणि साठा जाहीर झाला की तो उद्याच चुलीपर्यंत येणार, असे आपण धरून चालतो. वस्तुतः या प्रत्येक पायरीवर निम्म्याहून अधिक आशा गळून पडतात. मग अपेक्षाभंग झाला की त्याच माणसांना चोर ठरवले जाते. परिणामी सरकारी कंपनीतील भूवैज्ञानिक जोखमीची विहीर सुचविण्यापेक्षा जुन्या क्षेत्राच्या कडेला आणखी एक सुरक्षित विहीर सुचविणे पसंत करतो. लेखापरीक्षकाच्या कागदावर कोरडी विहीर म्हणजे वाया गेलेला पैसा. भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने, नीट मोजमाप घेतलेली कोरडी विहीर म्हणजे पुढील विहिरीची पूर्वतयारी. दक्षिण अमेरिकेतील गयानाचे उदाहरण आपले मंत्री देतात, ते योग्यच आहे. पण त्या किनाऱ्याने २०१५च्या शोधापूर्वी कित्येक दशके कोरड्या विहिरी पाहिल्या होत्या, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

अंदमानचा विचार या पार्श्वभूमीवर व्हावा. श्रीविजयपुरम्-२ या विहिरीत, २९५ मीटर पाण्यात, मिळालेल्या वायूच्या नमुन्यात मिथेनचे प्रमाण ८७ टक्के होते. ही वार्ता निःसंशय आनंदाची आहे. त्या पट्ट्याच्या उत्तरेस म्यानमारच्या आणि दक्षिणेस सुमात्राच्या समुद्रात वायूची क्षेत्रे आहेतच. मधला तुकडा आपला. तेथे स्वयंपाकघर पेटलेले आहे, एवढे त्या मिथेनने सुचविले. कमान किती मोठी, झाकण किती घट्ट आणि खडक किती वाहू देणारा, हे ठरायचे आहे. भूकंपाच्या त्या पट्ट्यात खडकांची मोडतोड इतकी झाली आहे की, जी हालचाल वली घडवते तीच झाकण फोडूही शकते.

मंथनासाठी मंदराचल आणि वासुकी दोन्ही लागतात. नौका आणि यंत्रे पैसे टाकून मिळतील. दोर ओढणारे हात कोठून आणावयाचे? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचे घटते उत्पादन सावरण्यासाठी ओएनजीसीने ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक साहाय्यासाठी निवड केली. सोव्हिएत जहाज आणि जपानी फलाट घेऊन सुरुवात करणाऱ्यांनी परक्यांची मदत घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र ज्या क्षेत्रावर आपल्या माणसांनी पन्नास वर्षे घाम गाळला, त्याचा खडक आपल्याहून अधिक दुसऱ्याला कळावा, ही बाब आत्मपरीक्षण करावयास लावणारी आहे. महाराष्ट्रातील किती महाविद्यालयांत आज भूशास्त्राचा विभाग धड अवस्थेत आहे? दहावीला चांगले गुण मिळालेल्या मुलाने भूशास्त्र शिकतो म्हटले, तर किती घरांत त्याचे कौतुक होईल?

आणि काम तर दारातच आहे. देशात गाळाची २६ खोरी मोजलेली असून त्यांचा विस्तार सुमारे ३३ लाख ६० हजार चौरस किलोमीटर आहे. त्यांपैकी ज्यांतून व्यापारी उत्पादन होते, ती केवळ सात. उरलेल्यांत दख्खनचे खोरेही येते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाने पश्चिम भारतातील जुन्या गाळावर बेसॉल्टचे जाड पांघरूण घातले. कच्छ-सौराष्ट्रात आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यात त्याखाली जुने थर आहेत. परंतु थरावर थर असलेला तो कठीण पाषाण कंपने विखरून टाकतो आणि खालचे चित्र धूसर होते. ज्या खडकात वेरुळचे कैलास कोरले गेले आणि ज्याच्यावर रायगड उभा आहे, तो अजून आपले पोट दाखवीत नाही. तेथे तेल आहेच, असा दावा कोणी शहाणा माणूस करणार नाही. पाहिले पाहिजे, इतकेच. २०१६ मध्ये हाती घेतलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात न पाहिलेल्या प्रदेशांत ४८ हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या रेषा टाकण्याचे ठरले आणि पुढच्या वर्षी भूशास्त्रीय माहितीचे राष्ट्रीय भांडारही सुरू झाले. कोणताही गाजावाजा न झालेली ही दोन कामे अनेक गाजलेल्या शोधांहून मोलाची आहेत.

समुद्रमंथन मोहिमेकडून म्हणूनच एक साधी अपेक्षा करता येईल. खोल समुद्रातील एकेका विहिरीवर शेकडो कोटी रुपये खर्च होणार आहेत आणि ते जनतेचे आहेत. विहीर खोदण्यापूर्वी, आत काय मिळेल असे वाटते आणि कशाच्या आधारे, हे लिहून ठेवावे. खोदल्यावर काय मिळाले, कमान होती की नव्हती, झाकण कोठे फुटले, तेल आधी निघून गेले होते काय, हेही लिहावे. ठरावीक मुदतीनंतर ती सारी माहिती, खडकांच्या नमुन्यांसह, विद्यापीठांना आणि अभ्यासकांना खुली करावी, आणि कोरड्या निघालेल्या विहिरींची आधी.